रुग्ण एकही नाही, तरी साथ: इस्रायलमधल्या २०१३ च्या पोलिओ प्रसाराचे प्रकरण

पार्श्वभूमी

पोलिओची साथ बहुतेक वेळा एका मुलाच्या लुळ्या पायामुळे कळते. मूल चालेनासे होते, त्याच्या शौचाचे नमुने प्रयोगशाळेत जातात, विषाणू सापडतो आणि मग यंत्रणा हलते. इस्रायलमध्ये २०१३ साली यातली पहिली पायरीच नव्हती. एकाही मुलाला लुळेपणा आला नाही, तरीही पोलिओ विषाणूच्या तीन प्रकारांपैकी प्रकार १ चा नैसर्गिक, म्हणजे लशीतून न आलेला, विषाणू तिथे वर्षभराहून अधिक काळ फिरत राहिला. रुग्णच नसताना साथ आहे असे केव्हा म्हणायचे, निरोगी आणि लसवंत मुलांना आणखी एक लस का द्यायची, आणि ती देताना आईबापांना काय सांगायचे, हे प्रश्न तिथल्या आरोग्य खात्यापुढे एकदमच येऊन पडले. आज युरोपातले कित्येक देश याच प्रश्नांच्या उंबरठ्यावर आहेत, म्हणून हे जुने प्रकरण पुन्हा उलगडण्यासारखे आहे.

त्या वेळचे जगातले चित्र आधी पाहू. १९८८ मध्ये जागतिक निर्मूलन मोहीम सुरू झाली तेव्हा १२५ देशांत मिळून वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुले पोलिओने लुळी पडत होती. २०१२ मध्ये नैसर्गिक विषाणूचे जगभरातले रुग्ण २२३ वर आले. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. विषाणूचा कायमचा मुक्काम पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि नायजेरिया या तीनच देशांत उरला होता. मग २०१३ साली आकडा पुन्हा चढून ४१६ झाला, आणि त्यातले २५६ रुग्ण पोलिओमुक्त झालेल्या देशांतले होते: सोमालिया, केनिया, इथिओपिया, कॅमेरून, सीरिया. विषाणू घरात संपत आला होता, पण जिथे दार उघडे दिसेल तिथे शिरत होता.

इस्रायलचा स्वतःचा इतिहासही इथे महत्त्वाचा आहे. १९८८ मध्ये हादेरा शहराच्या परिसरात तिथली शेवटची मोठी साथ आली. तेव्हा देशाने चाळिशीपर्यंतच्या सगळ्यांना लस दिली आणि पुढच्याच वर्षापासून सांडपाण्याचे नमुने नियमित तपासायला सुरुवात केली. १९९० पासून लहान मुलांना टोचून द्यायची लस आणि तोंडावाटे द्यायचे थेंब असे दोन्ही मिळत. २००५ मध्ये थेंब बंद झाले, फक्त इंजेक्शन उरले. हा निर्णय तेव्हा समंजस होता. थेंबांत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो आणि साधारण २७ लाख डोसांमागे एखाद्या मुलाला त्याच लशीमुळे पक्षाघात होऊ शकतो. देशात पोलिओ नाही, लसीकरण नव्वद टक्क्यांच्या बरेच वर आहे, मग हा धोका का घ्यायचा?

अडचण

पोलिओचा विषाणू तोंडावाटे शरीरात जातो, आतड्यात वाढतो आणि आठवडेच्या आठवडे शौचातून बाहेर पडत राहतो. लागण झालेल्या दोनशेंपैकी साधारण एकालाच लुळेपणा येतो; बाकीच्यांना काही जाणवतही नाही. टोचलेल्या लशीने रक्तात प्रतिपिंडे तयार होतात आणि विषाणूला मज्जारज्जूपर्यंत पोहोचू देत नाहीत. मुलाचा पाय वाचतो. पण आतड्याच्या अस्तरात या लशीने फारसे संरक्षण तयार होत नाही. त्यामुळे असे मूल स्वतः ठणठणीत राहूनही विषाणू घेऊ शकते, वाढवू शकते आणि पुढे देऊ शकते. थेंबांची लस आतड्यातच काम करते, म्हणून ती ही साखळी तोडते.

२०१३ पर्यंत इस्रायलमध्ये साडेआठ-नऊ वर्षांखालची सगळी मुले फक्त इंजेक्शनवर वाढलेली होती. त्यांच्या आतड्यांनी पोलिओचा जिवंत विषाणू कधी पाहिलाच नव्हता. आकडेवारीत ही पिढी लसवंत होती, आणि तरीही विषाणूला तिच्यातून वाट होती.

डिसेंबर २०१२ मध्ये कैरोच्या सांडपाण्यात प्रकार १ चा विषाणू सापडला होता. त्याचे जनुकीय नाते पाकिस्तानातल्या विषाणूशी जुळत होते. मग दक्षिण इस्रायलमधल्या नेगेव वाळवंटातल्या रहात या शहरातून, जिथे मूळचे भटके अरब असलेले बेदुईन लोक राहतात, ९ एप्रिल २०१३ रोजी घेतलेल्या सांडपाण्याच्या नमुन्यात त्याच कुळातला विषाणू मिळाला. निष्कर्ष हाती आला तो २८ मे रोजी. जुने साठवलेले नमुने पुन्हा काढून तपासले, तर दक्षिणेतल्याच बीरशेबा शहराच्या फेब्रुवारीतल्या नमुन्यातही तो होता. म्हणजे खात्याला बातमी कळली तेव्हा विषाणूला देशात येऊन किमान साडेतीन महिने झालेले होते.

ही तपासणी कशी होते ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. मैलापाण्याच्या वाहिनीवर स्वयंचलित यंत्र बसवलेले असते. ते दिवसभर थोड्या थोड्या वेळाने पाणी उचलते. त्या पाण्यातले विषाणू दाट करून पेशींच्या थरावर सोडतात. या पेशी उंदराच्या, पण त्यांत माणसाच्या पेशीवरचा पोलिओचा ग्राहक-रेणू, म्हणजे ज्याला धरून हा विषाणू पेशीत शिरतो तो रेणू, बसवलेला असतो. त्यामुळे सांडपाण्यातल्या इतर असंख्य आतड्याच्या विषाणूंना तिथे सहसा थारा मिळत नाही, पोलिओ मात्र वाढतो. मग तो लशीतला की नैसर्गिक, आणि नैसर्गिक असेल तर कुठल्या कुळातला, हे जनुकांच्या क्रमावरून ठरते. प्रत्येक टप्प्याला दिवस लागतात. महिन्यातून एकदा नमुना, त्यात प्रयोगशाळेचा वेळ, आणि पुष्टीसाठी पुन्हा चाचणी, असे करत हे सात आठवडे गेले.

पहिला निर्णय: याला साथ म्हणायचे का?

एक नमुना सापडला म्हणजे देशात प्रसार आहे असे होत नाही. एखादा प्रवासी येतो, विषाणू सोडतो, निघून जातो. जून महिन्यात हा युक्तिवाद करायला जागा होती. पण दक्षिणेतले नमुने पुन्हा पुन्हा विषाणू दाखवू लागले आणि उन्हाळा पुढे सरकला तसे मध्य भागातल्या ठिकाणांहूनही तो मिळू लागला. लक्षणे नसलेल्या मुलांच्या शौचाची तपासणी केली तेव्हा त्यांच्यातही विषाणू निघाला, आणि ही मुले वयानुसार सगळे डोस घेतलेली होती. बेदुईन वस्त्यांमध्येही टोचण्याचे लसीकरण चांगले होते. कुणाच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवून विषय मिटवण्याची सोय नव्हती.

मला यातली मोलाची गोष्ट अशी वाटते की खात्याने रुग्णाची वाट पाहिली नाही. जिथे जवळजवळ सगळ्यांना इंजेक्शन मिळालेले आहे तिथे पहिले मूल लुळे पडेपर्यंत हजारो जणांना लागण होऊन गेलेली असते. शिवाय लुळेपणाच्या रुग्णांवर बेतलेली पाहणी अशा देशात जवळपास बहिरी ठरते. इस्रायलकडे १९८९ पासूनची सांडपाण्याची नोंद नसती, तर ही गोष्ट कदाचित शेजारच्या एखाद्या देशातल्या रुग्णावरून उलट्या दिशेने शोधावी लागली असती.

पर्याय

पुढे काय करायचे याचे चार रस्ते होते.

सर्वांत सोपा म्हणजे पाहणी वाढवणे, ज्यांचे डोस राहिले असतील त्यांना इंजेक्शन देणे, हात धुण्याबद्दल आणि सांडपाण्याबद्दल सूचना देणे आणि विषाणू आपसूक विझतो का ते पाहणे. याची सुरुवात लगेच झालीच. दक्षिणेत राहिलेली मुले शोधून त्यांना टोचण्यात आले. पण जुलैपर्यंत स्पष्ट झाले की विषाणू विझत नाही, पसरतो आहे.

दुसरा रस्ता सगळ्या मुलांना इंजेक्शनचा जादा डोस देण्याचा. लोकांना तो पटवणे सर्वांत सोपे गेले असते, कारण ओळखीचीच लस, ओळखीचीच सुई. ज्या मुलांनी आधी कधी थेंब घेतलेले असतात त्यांच्या आतड्यातले संरक्षण इंजेक्शनच्या जादा डोसाने चांगले वाढते. भारतात झालेल्या अभ्यासांतून हे पुढे दिसले आहे. इथल्या मुलांनी मात्र थेंब कधी घेतलेच नव्हते. पाया नसलेल्या ठिकाणी मजला चढवून उपयोग नव्हता.

तिसरा रस्ता फक्त दक्षिण भागात थेंब देण्याचा, आणि चौथा देशभर देण्याचा. दोन्हींत प्रश्न एकच होता. जी लस धोक्यामुळे आठ वर्षांपूर्वी बंद केली, तीच आता निरोगी मुलांना, त्यांच्या स्वतःच्या थेट फायद्याशिवाय द्यायची का?

लशीचा प्रकार निवडताना या धोक्याचा विचार झाला. प्रकार १ आणि ३ असलेले द्विगुणी थेंब निवडले, प्रकार २ टाळला. नैसर्गिक प्रकार २ त्याआधीच, १९९९ नंतर, जगात कुठे दिसला नव्हता, आणि लशीपासून बदलत जाऊन साथ पसरवण्यात लशीतला प्रकार २ च पुढे होता. शिवाय नियम असा केला की किमान एक इंजेक्शन आधी झालेले असल्याशिवाय थेंब द्यायचे नाहीत. रक्तातले संरक्षण आधी तयार असेल तर थेंबांमुळे पक्षाघात होण्याची शक्यता जवळपास उरत नाही. माझ्या मते या नियमामुळेच नैतिक बाजूचा तोल सांभाळला गेला. मुलाला थेट फायदा थोडा असेल तर त्याच्यावरचा धोकाही तितकाच नगण्य करून दाखवणे हे खात्याचे कर्तव्य होते, आणि ते पार पाडले गेले.

कृती

५ ऑगस्ट २०१३ रोजी दक्षिण जिल्ह्यात थेंब सुरू झाले. १८ ऑगस्टपासून मोहीम देशभर गेली. लक्ष्यगट ठरवताना साधा तर्क वापरला: ज्यांना कधीच थेंब मिळाले नाहीत ती मुले, म्हणजे २००४ पासून जन्मलेली.

काम झाले ते मुख्यतः माता-बाल आरोग्य केंद्रांत. परिचारिका आधी लसीकरणाचे कार्ड पाहायची, इंजेक्शनची नोंद आहे का तपासायची. मग विचारायची की घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी आहे का, कुणी कर्करोगाचे उपचार घेते आहे का, कुणाचे अवयव-प्रत्यारोपण झाले आहे का. उत्तर हो आले तर त्या मुलाला थेंब नाहीत, कारण लशीतला विषाणू काही आठवडे मुलाच्या शौचातून बाहेर पडतो आणि अशा माणसाला तो बाधू शकतो. सगळे ठीक असेल तर दोन थेंब, आणि जाताना लंगोट बदलल्यावर हात नीट धुण्याची सूचना. प्रत्येक मुलामागे ही चौकशी करायची आणि रांग तर बाहेरपर्यंत. मोठ्या मोहिमांच्या अहवालांत या चौकशीला एक ओळही मिळत नाही, पण धोका खरोखर कमी झाला तो तिच्यामुळे.

आईबापांचे प्रश्न रास्त होते. माझ्या मुलाला सगळ्या सुया दिल्या आहेत, कुणी आजारी नाही, मग हे कशासाठी? मोहिमेचा संदेश दोन थेंबांनी कुटुंब सुरक्षित राहते अशा आशयाचा होता. त्यातून काहींना वाटले की मुलालाच धोका आहे आणि आधीची लस कुचकामी होती. काहींना उलट वाटले की आपल्या मुलाचा वापर दुसऱ्यांसाठी होतो आहे. समाजमाध्यमांवर वाद पेटला, आणि मोहीम थांबवावी म्हणून न्यायालयातही धाव घेण्यात आली. मोहीम थांबली नाही.

परिणाम

नऊ लाखांहून अधिक मुलांनी थेंब घेतले. लक्ष्यगटाच्या तीन-चतुर्थांशांहून अधिक मुले यात आली. दक्षिणेत हे प्रमाण आणखी जास्त होते आणि तिथे दुसरी फेरीही झाली. सांडपाण्यातले विषाणूचे प्रमाण उतरत गेले. एप्रिल २०१४ नंतर तो नमुन्यांत दिसला नाही. जानेवारी २०१४ पासून थेंब नेहमीच्या वेळापत्रकात इंजेक्शनच्या जोडीने परत आले. इतक्या काळात नैसर्गिक विषाणूमुळे एकही मूल लुळे पडले नाही, आणि देशाचा पोलिओमुक्त दर्जाही टिकला.

याच कुळातला विषाणू सीरियातही पोहोचला. तिथे युद्धापूर्वी लसीकरण नव्वद टक्क्यांच्या आसपास होते. २०१२ पर्यंत ते सत्तरच्या खाली घसरले. ऑक्टोबर २०१३ मध्ये देर एझ-झोरच्या रुग्णांत पोलिओची पुष्टी झाली, आणि एकूण ३६ मुले लुळी पडली. विषाणू एकच, काळ एकच, आणि दोन देशांच्या निकालात एवढे अंतर. इंजेक्शनला नावे ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये. इस्रायलमध्ये त्याने प्रसार थांबवला नाही हे खरे, पण मुलांचे पाय त्यानेच वाचवले.

वेगळे काय करता आले असते

वेळेबद्दल आधी. २८ मे ते ५ ऑगस्ट हा दहा आठवड्यांचा काळ लांबला. लशीचा साठा मागवणे, परवानग्या, तज्ज्ञ समितीची चर्चा, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, सगळ्याला वेळ लागतो हे मान्य. पण यातले बरेचसे आधी करून ठेवता येते. थेंब बंद करतानाच, २००५ मध्ये, ते परत आणायची वेळ आली तर कोणती लस, कुठून, कुणाच्या सहीने, हे कागदावर असते तर जून महिना वाया गेला नसता. दहा आठवड्यांत विषाणू दक्षिणेतून मध्य भागापर्यंत गेला.

नमुने महिन्याने घेण्याऐवजी आठवड्याने घेतले असते तर फेब्रुवारीतली बातमी मार्चमध्ये मिळाली असती. कैरोतला विषाणू डिसेंबरमध्ये कळलेला असताना सीमेलगतच्या भागातले नमुने तेव्हापासूनच वाढवायला हवे होते, असे माझे मत आहे. साथीनंतर नमुने वाढवले गेलेच, पण शेजारी विषाणू दिसणे हाच इशारा धरायला हवा होता.

संदेशाबद्दल माझे म्हणणे अधिक ठाम आहे. आईबापांना सरळ सांगायला हवे होते: तुमच्या मुलाला पोलिओ होण्याची भीती जवळपास नाही. हे थेंब शेजारच्या दोन महिन्यांच्या तान्ह्यासाठी आहेत, ज्याला अजून सुई मिळालेली नाही. आजारपणामुळे ज्यांच्या अंगी लस लागत नाही त्यांच्यासाठी आहेत. लोक असे ऐकून घेतात. अर्धे सांगितले की उरलेले अर्धे अफवा सांगतात, आणि मग परिचारिकेला प्रत्येक टेबलावर तेच तेच निस्तरावे लागते.

देशव्यापी दुसरी फेरी व्हायला हवी होती का, यावर मतभेद असू शकतात. विषाणू एका फेरीत थांबला, तेव्हा निर्णय बरोबर ठरला. पण तो बरोबर ठरण्यात आधीच्या पिढ्यांनी घेतलेल्या थेंबांचा आणि त्यातून आलेल्या आतड्याच्या प्रतिकाराचा मोठा वाटा होता. थेंबांवर वाढलेली पिढी जसजशी म्हातारी होईल तसतसा हा आधार कमी होणार.

सर्वांत अवघड भाग पुढे आला. मार्च २०२२ मध्ये जेरुसलेममध्ये लस न घेतलेले एक लहान मूल पोलिओने लुळे पडले. विषाणू प्रकार ३, आणि तो थेंबांच्या लशीतल्या विषाणूपासून बदलत गेलेला. जिथे बरीच मुले लशीविना राहतात तिथे लशीतला दुबळा विषाणू मुलामागून मुलात फिरत राहतो आणि पुन्हा ताकद कमावतो. २०१३ च्या निर्णयाला यासाठी दोष देणे चुकीचे होईल. थेंब ज्या वस्त्यांत पोहोचलेच नाहीत तिथे हा प्रकार घडला. पण थेंब परत आणताना ते किती वर्षे ठेवायचे, आणि तोवर लस नाकारणाऱ्या वस्त्यांत पोहोचण्यासाठी वेगळे काय करायचे, या दोन प्रश्नांना २०१४ मध्येच मोहिमेइतके महत्त्व मिळायला हवे होते.

जगाचा अनुभवही हेच दाखवतो. एप्रिल-मे २०१६ मध्ये १५५ देशांनी नेहमीच्या थेंबांतून प्रकार २ काढून टाकला. पण लसीकरण कच्चे असलेल्या भागांत लशीजन्य प्रकार २ आधीच फिरत होता, तो उफाळला आणि २०२० मध्ये त्याचे एक हजाराहून अधिक रुग्ण नोंदले गेले. जनुकीय दृष्ट्या अधिक स्थिर अशी प्रकार २ ची नवी लस नोव्हेंबर २०२० मध्ये आपत्कालीन वापरासाठी मान्य झाली आणि तिने धोका कमी केला, तरी साथी थांबलेल्या नाहीत. नैसर्गिक विषाणूचे रुग्ण २०२१ मध्ये सहावर आले होते. २०२४ मध्ये पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात मिळून ते ९९ झाले. त्याच वर्षाच्या शेवटी स्पेन, पोलंड, जर्मनी, ब्रिटन आणि फिनलंडच्या सांडपाण्यात लशीजन्य प्रकार २ सापडला.

हे सगळे देश आज फक्त इंजेक्शनवर आहेत, म्हणजे २०१३ च्या इस्रायलच्याच जागी. लंडनने २०२२ मध्ये सांडपाण्यातला विषाणू पाहून एक ते नऊ वर्षांच्या मुलांना इंजेक्शनचा जादा डोस दिला. तिथे बऱ्याच मुलांचे नेहमीचे डोसच राहिलेले असल्याने आधी ती पोकळी भरणे योग्य होते. जिथे लसीकरण आधीच भरगच्च आहे आणि तरीही नमुने आठवड्यामागून आठवडे विषाणू दाखवत आहेत, तिथे तो उपाय पुरणार नाही. किती नमुने, किती आठवडे आणि किती ठिकाणी विषाणू दिसला की थेंबांचा विचार सुरू करायचा, लस कुठल्या साठ्यातून येणार आणि परवानगी कोण देणार, हे अशा देशांनी शांततेच्या काळातच लिहून ठेवायला हवे. आणि थेंब पुन्हा कधी बंद करायचे तेही त्याच कागदावर.